सरांचा दुभाषी

आमच्या सरांनी कॉम्प्युटर कधी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका स्वच्छ प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मला पुढच्या सगळ्या नोकरीत भेटला नाही. हे मी आधीच लिहून टाकतो. पुढे मला स्वतःबद्दल बरंच वाईट लिहायचं आहे, आणि त्या नादात सरांबद्दलचं हे राहून जायला नको.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. मूळचे चांदूर बाजारकडचे, घरची काळी जमीन, भाऊ ती करायचे आणि हे एकटे शिकून शहरात आलेले. मी अकोल्याचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी मी अमरावतीला कॉलेजात गेलो. पहिल्या सहामाहीत मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा सर म्हणाले, घरी जेवायला ये. मी गेलो आणि सवयीनं ओसरीवरच बसलो. आतून काकूंचा आवाज आला, "तिथं कावून बसला? चूल इकडं हाये." मी उठून आत गेलो. त्या घरात मी नंतर चार वर्षं जेवलो.

नागपूरला एम.एस्सी. करून मी मुंबईला एका संशोधन संस्थेत प्रोग्रॅमर म्हणून लागलो. चौसष्ट साल असावं. तिथे मोठ्या थंडगार खोलीत एक कॉम्प्युटर होता, आणि आम्ही दहा-बारा जण त्याची सेवा करायचो. पहिली रजा मिळाली तशी मी अकोल्याला घरी दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी बडनेऱ्यावरून अमरावतीला सरांकडे. सोबत मशीनचं माहितीपुस्तक आणि फोरट्रान भाषेच्या सायक्लोस्टाइल नोट्स घेऊन गेलो होतो. खरं सांगायचं तर मिरवायलाच.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याले कोनती भाषा समजते?"

मी म्हटलं, तशी कोणतीच नाही. त्याला एकेक बारीक हालचाल सांगावी लागते. अमुक खणातला आकडा घे, त्यातून तमुक वजा कर, आता तो या खणात ठेव. त्या हालचालींना छोटी नावं असतात, त्याला असेम्ब्ली कोड म्हणतात. पण माणसाला असं लिहायचा कंटाळा येतो, म्हणून आपण फोरट्रानमध्ये सरळ सूत्र लिहितो आणि कंपायलर नावाचा एक प्रोग्रॅम त्या सूत्राच्या हालचाली करून देतो.

सर स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हंजे इले झुनका कर म्हटलं की झालं. मले कराचा असला त कोनीतरी कांदा घे, चीर, तेल टाक, असं एकेक सांगाव लागन. तुहा कंपायलर म्हंजे दुभाषी हाये."

"तुमाले एकेक सांगूनई जमनार नाई," काकू आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून सरांनी त्याला कंपायलर कधी म्हटलंच नाही. दुभाषी. पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. मला वाटलं, चाळतील आणि परत देतील. पुढच्या रजेत गेलो तर त्यांनी ते भिंगातून अथपासून इतिपर्यंत वाचलेलं होतं, आणि मला असे प्रश्न विचारले की मला ते पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. सरांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. त्यांच्या वर्गात खेड्यांवरून येणारी मुलं असायची, गणितात तरबेज आणि इंग्रजी दिसलं की गार पडणारी. सर म्हणाले, "आमच्या पोट्ट्यायले इंग्रजीचं भेव वाटते. त्यायनं मराठीत सूत्र लिहावं, अन् दुभाष्यानं त्याच्या हालचाली करून मशीनले द्याव्या. हे होईन का नाई?"

मी म्हटलं, होईल, फक्त मशीनला अक्षरं रोमन लागतात. ते म्हणाले, अक्षरं कोणती का असेनात, शब्द आपले पाहिजेत.

मग त्यांनी तो दुभाषी लिहिला. एक वर्ष लागलं. दोनशे पानी वही, पेन्सिलीनं, खोडरबराचा एक डाग नाही. हा दुभाषी स्वतः फोरट्रानमध्ये होता. त्याला भोकं पाडलेल्या कार्डावर मराठी शब्दांचं एक सूत्र द्यायचं, की तो अक्षर अक्षर वाचून त्याचा असेम्ब्ली कोड नव्या कार्डांवर पाडून देणार. ती कार्डं परत मशीनला घातली की मशीन ती चालवून उत्तर छापणार. शेवटच्या पानावर त्यांनी तपासायला एक उदाहरण दिलं होतं, त्यांच्या शेतातल्या विहिरीचं. विहिरीत वीस हात पाणी आहे. सकाळच्या मोटेनं सहा हात उतरलं, संध्याकाळच्या मोटेनं चार. उरलं किती? सूत्र होतं: पाणी बरोबर विहीर वजा सकाळ वजा सांज.

सहासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी वही माझ्या हातात दिली. "एक डाव चालव," ते म्हणाले. "एकच डाव. मले पाहाचं हाये का माहं लिहिलेलं त्याले समजते का." एवढंच त्यांचं मागणं होतं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

मुंबईला परत आल्यावर मी वहीतलं पहिलं पान माझ्या एका सहकाऱ्याला दाखवलं. तो पुण्याचा, चांगला हुशार मुलगा. रोमन अक्षरांत लिहिलेले घे, वजा, ठेव हे शब्द वाचून तो खो खो हसला. पुढचा आठवडाभर तो मला पाणी आणायला सांगताना "घे, ठेव" म्हणायचा. वाईट मनाचा नव्हता तो. पण त्या खोलीत माझ्यासारख्या घरातून आलेला मी एकटाच होतो. माझ्या बोलण्यातला 'ले' जावा म्हणून मी आरशापुढे उभा राहून बोलायचो. मला गावठी ठरायचं नव्हतं. मी वही टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

सरांचं दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं. वडिलांची तब्येत विचारायचे, कपाशी कशी आहे ते लिहायचे, आणि शेवटी एक ओळ: यंत्राला सवड झाल्यास कळवणे. मी उत्तर द्यायचो की मशीनवर फार गर्दी आहे, शास्त्रज्ञांची कामं आधी, सवड मिळाली की पहिलं तुमचंच. गर्दी होती हे खरं, पण रविवारी दुपारी अर्धा तास मागितला असता तर कोणीही दिला असता. मी मागितलाच नाही. तीनशेवर कार्डं पंच करायचा कंटाळा आणि कोणीतरी मागे उभं राहून वाचेल ही लाज, याच्यापलीकडे कारण नव्हतं. असं दीड वर्ष गेलं. आज हे लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

मग काकूंचं पत्र आलं, शेजारच्या कोणाकडून लिहून घेतलेलं. सरांच्या पोटात गाठ निघाली होती आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. शेवटी लिहिलं होतं, ते वहीचं विचारतात.

मी त्याच दिवशी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसलो. वही पिशवीत होती आणि त्यातली एक ओळही मी चालवलेली नव्हती. चार दिवस थांबून चालवून निघावं हे मला सुचलं नाही. सर आधीच गेले तर, ही भीती. अकोल्याला उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात जे शिजत होतं ते शिजून तयार झालं होतं. मशीनचे छापायचे रुंद कागद, दोन्ही कडांना भोकं असलेले, आमच्याकडे ढिगानं असायचे. सामान गुंडाळायला म्हणून त्यातले काही मी बॅगेत टाकले होते. जठारपेठेत माझ्या एका नातेवाइकाची टायपिंगची शाळा होती. सकाळची मुलं गेल्यावर मी तिथे बसलो आणि सगळं मोठ्या अक्षरांत टाइप केलं. आधी सूत्र, मग त्याच्या हालचाली: घे विहीर, वजा सकाळ, वजा सांज, ठेव पाणी. आणि खाली उत्तर, दहा. वहीतले नियम लावून पाहण्याची गरजही मला वाटली नाही. विसातून सहा आणि चार गेले की दहा उरतात, त्यात काय पाहायचं?

दुपारी अमरावतीला पोचलो. सर खाटेवर होते. एवढे वाळले होते की मी दारातच थबकलो. मी कागद त्यांच्या हातात दिला. ते उठून बसले, काकूंकडून भिंग मागवलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. त्यांचा चेहरा सुरुवातीला इतका उजळला होता की मला वाटलं, बरं केलं आपण. मग त्यांचं बोट मधल्या ओळींवर थांबलं. उत्तरापर्यंत गेलं. परत वर आलं.

"हे तू केलं," ते म्हणाले. "हे मशीनचं नाई."

 टाइपरायटरच्या एका अक्षराचा खिळा किंचित वर उठलेला होता, त्यावरून त्यांनी ओळखलं असं मी धरून चाललो.

"राग नाई आला मले," सर म्हणाले. "पन मले मशीनचं पाहाचं हाये. तुह्यावालं नाई. जाय, चालव, अन् जे येईन ते घेऊन ये."

काकूंनी जेवायला वाढलं. मी ताटाला हातच लावला नाही. त्या म्हणाल्या, "जेव बाप्पा, त्याईच्यानं काई खाल्लं जात नाई, तूई उपाशी राहतं का?" मी संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

मुंबईत मी सगळी कार्डं दोन दिवसांत पंच केली. रविवारी दुपारचा अर्धा तास मागितला आणि तो लगेच मिळाला. पुण्याचा तो मुलगा स्वतःहून मदतीला आला. पहिल्यांदा मशीननं दोन चुका दाखवल्या. दोन्ही माझ्या पंचिंगच्या होत्या, सरांच्या वहीत एकही नव्हती. ज्या माणसानं हे यंत्र कधी पाहिलं नाही त्याचा तीनशे ओळींचा प्रोग्रॅम मी त्या दोन सुधारताच बिनअडथळा चालला. तो मुलगा गंभीर झाला आणि म्हणाला, "कोण आहेत रे हे?" मी म्हटलं, माझे सर. मग दुभाष्यानं खडखडत असेम्ब्लीची कार्डं पाडली, ती आम्ही परत घातली, आणि कागदावर उत्तर आलं, अठरा.

मी कार्डं पाहिली तेव्हा लक्षात आलं. सरांच्या नियमाप्रमाणे दुभाषी सूत्र उजवीकडून वाचत होता. त्यानं आधी सकाळच्या सहातून सांजेचे चार वजा केले, दोन उरले, आणि मग ते दोन विहिरीच्या विसातून काढले. म्हणून अठरा. नुसती बेरीज असती तर हे कधी कळलंही नसतं. वजाबाकीत मात्र डावीकडून गेलं पाहिजे. एवढ्या मोठ्या वहीत एक नियम उलटा होता.

आता मी जे केलं ते मी फार प्रेमानं केलं, हे मला सांगायचं आहे. खाटेवर पडलेल्या माणसाला, ज्यानं मला गणित शिकवलं त्याला, वजाबाकी चुकलीय म्हणून कसं दाखवायचं? आमच्याकडे शिष्य गुरूची चूक दाखवत नाही, ती गुपचूप झाकतो. मी सहा कार्डं बदलली. दुभाषी डावीकडून वाचायला लागला. पुन्हा चालवलं, दहा आलं. अठराचा कागद मी फाडून टोपलीत टाकला आणि दहाचा नीट घडी करून ठेवला. मला फार बरं वाटत होतं. या वेळी त्यात खोटं काही नव्हतं, मशीननं खरोखर केलेलं होतं.

आठवडाभरात पुन्हा अमरावतीला गेलो. सर आता उठून बसू शकत नव्हते. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि काकूंनी भिंग. या वेळी त्यांनी आधी खाली उत्तरच पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे मशीनचं हाये?"

"हो सर. शपथ घेतो."

"बरं," ते म्हणाले.

मी सांगत राहिलो. कार्डं कशी खडखडत पडली, पहिल्यांदाच कसा प्रोग्रॅम चालला, माझा सहकारी कसा थक्क झाला. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, समाधानानं. माझं संपल्यावर त्यांनी वडिलांचा खोकला कसा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "अकोल्याले जाऊन ये, बापाले भेट. त्याचंई वय झालं." वहीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी दोन दिवस राहिलो, त्यांचे पाय चेपले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सर त्यानंतर पंधरा दिवसांनी गेले. मला कळायला उशीर झाला आणि मी तेराव्याला पोचलो. चांदूर बाजारकडचे सगळे नातेवाईक जमले होते. दुपारी पंगती उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, मी समोर पाटावर बसलो.

"तुले एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "मशीननं अठरा कधी सांगतलंच नाई का रे?"

मला कळेना, अठराचा आकडा काकूंना कुठून माहीत. तो कागद मी मुंबईत फाडला होता आणि त्याबद्दल कोणाला बोललो नव्हतो.

काकू म्हणाल्या, "तुले वही देल्यावर महिन्या-दीड महिन्यानं त्याईले त्याइची चूक सापडली होती. पोळ्याच्या आधी. म्हने, मी उलटं लिहून बसलो, आता दहा नाई येनार, अठरा येईन. मी म्हटलं, मंग पोराले कळवा. त म्हने, नाई कळवत. माहं लिहिलेलं त्याले खरंच समजत असन त ते माही चूकई तशीच करन. अठरा आलं का समजाचं, चाललं. अन् दहा आलं का समजाचं, पोट्ट्यानं घरी बसून केलं."

 म्हणजे पहिल्या वेळी त्यांनी खिळ्यावरून ओळखलंच नव्हतं. उत्तर बरोबर होतं, यावरूनच ओळखलं होतं. आणि दुसऱ्यांदाही मी त्यांच्यापुढे दहाच धरले होते, शपथेवर.

"मले म्हने, दुसऱ्या डावीई खोटंच घेऊन आला," काकू पदराच्या टोकानं चुलीवरची राख झटकत म्हणाल्या. "पन त्याले बोलू नोको. म्हने, तिथं मोठ्या लोकायचं काम राहते, माह्या वहीले कोन हात लावू देईन? पोरगं माह्या जिवासाठी बोलून राहिलं. मंग भिंतीकडं तोंड करून निजले."

मी रडायला लागलो. काकूंनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं मी सगळं सांगितलं, अठराचं, सहा कार्डांचं, फाडलेल्या कागदाचं. त्यांना त्यातलं काय आणि किती समजलं मला माहीत नाही. त्या ऐकत होत्या. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे चाललं होतं?"

"हो काकू. पहिल्याच डावात."

"मंग त्याईले येवढं तं सांगाचं होतं," काकू म्हणाल्या.